छोटी याने, मोठा गैरसमज

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माध्यमिक शाळेतील शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही एक प्रयोग केला आणि तो फसला. नुसता फसला असता तर त्याचे काही वाटले नसते, पण तो उद्देशाच्या नेमका उलटा झाला. त्या फजितीतूनच हा लेख निघाला आहे. म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

न्यूटनचे गतीविषयक नियम सकाळी शिकवून झाले होते. दुपारच्या जेवणानंतर येणाऱ्या सुस्तीवर उतारा म्हणून आम्ही शिक्षकांना पटावरचा एक खेळ दिला. खेळ होता अंतराळयानांच्या लढाईचा. एका बाजूला एक अवजड युद्धयान, दुसऱ्या बाजूला चार छोटी, चपळ याने. मूळ खेळ अमेरिकन. त्याचे नियम बरेच सोपे करून आम्हीच मराठीत लिहिले होते. दोन तास कोणी जांभई दिली नाही. संध्याकाळी समारोप करताना सहज विचारले, की अंतराळात वेगाने जाणाऱ्या यानाचे इंजिन मधेच बंद पडले तर काय होईल? हाच प्रश्न सकाळी विचारला होता, तेव्हा बहुतेकांनी 'त्याच वेगाने सरळ जात राहील' असे बरोबर उत्तर दिले होते. या वेळी मात्र वीसेक वर्षे विज्ञान शिकवत असलेल्या एक बाई पटकन म्हणाल्या, "थांबेलच की! मघाशी आमचं यान असंच थांबलं आणि तिथेच तर ते मारलं गेलं." आजूबाजूच्या चारसहा माना होकारार्थी हलल्या.

चूक बाईंची नव्हती. आमच्या खेळात ज्या डावात इंजिनाला ऊर्जा दिली नाही, त्या डावात यान जागचे हलत नसे. सकाळी दीड तास खपून न्यूटनने जे कमावले, ते दुपारी दोन तासांत ॲरिस्टॉटलने परत नेले होते, आणि त्याला दार आम्हीच उघडून दिले होते.

तेव्हापासून आम्ही या प्रकारचे खेळ जरा काळजीने पाहू लागलो. या खेळांच्या शौकिनांत एका प्रश्नावर सतत वाद चालू असतो: छोट्या, चपळ यानांचा उपयोग नेमका करायचा कसा? बहुतेक नवखे खेळाडू ती थेट शत्रूच्या अंगावर घालतात आणि दोन डावांत गमावून बसतात. वरवर पाहता हा प्रश्न खेळातल्या डावपेचांचा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागले, की 'चपळ' या शब्दाचा अर्थ काय, हा निव्वळ भौतिकशास्त्राचा प्रश्न समोर येतो. आमच्या मते एखादा अंतराळखेळ वर्गात नेण्याजोगा आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी नाही. त्या कसोटीवर तीन प्रसिद्ध खेळ घासून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. ती आली समुद्रावरून. लहान, चपळ नौकांनी मोठ्या जहाजांना जेरीस आणल्याच्या कथा आपल्याला परक्या नाहीत. आंग्र्यांच्या आरमारातील गलबते शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालत. वारा पडला, की युरोपीय व्यापारी जहाज जागीच खिळून राही. मग गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणत, कारण पिछाडीकडे मोठ्या जहाजाच्या फारच थोड्या तोफा रोखता येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या छोट्या बोटींनी युरोपातील मोठ्या आरमारांची अशीच झोप उडवली होती. 'डिस्ट्रॉयर' हा युद्धनौकेचा प्रकार मुळात जन्माला आला तो या बोटींचा समाचार घेण्यासाठी.

या सर्व कथांत एक मूक पात्र आहे, आणि ते म्हणजे पाणी. वल्ही मारणे थांबवले, की गलबत थोड्या अंतरात थांबते, ते पाण्याच्या विरोधामुळे. सुकाणू वळवले, की ते वळते, तेही पाणी सुकाणूला आणि नौकेच्या अंगाला रेटते म्हणून. थांबणे आणि वळणे या दोन गोष्टी समुद्रावर जवळजवळ फुकट मिळतात. अंतराळात पाणी नाही आणि हवाही नाही. तेथे थांबायलाही इंधन लागते आणि वळायलाही. म्हणूनच समुद्रावरची चपळाई जशीच्या तशी उचलून अंतराळात नेली, की गोंधळ सुरू होतो.

पहिला खेळ 'स्टार फ्लीट बॅटल्स'. स्टीव्हन कोल यांनी तयार केलेला हा खेळ १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेच्या जगावर तो बेतलेला आहे. आमच्या शिबिरातील खेळ याच्याच धर्तीवर केलेला होता. पट षट्कोनी घरांचा. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला खेळाडूने यानाची ऊर्जा वाटून द्यायची: इतकी शस्त्रांना, इतकी संरक्षक कवचाला, इतकी गतीला. एक घर पुढे जायला जड क्रूझरला ऊर्जेचा एक अंक लागतो, तर लहान फ्रिगेटला एक तृतीयांश. त्यामुळे लहान यान थोड्या ऊर्जेत अधिक धावते आणि उरलेली ऊर्जा इतरत्र वापरू शकते. हिशेबाचा खेळ म्हणून तो सरस आहे, यात वाद नाही. मर्यादित साधने कशी वाटावीत, हे शिकवायला तो उत्तम.

पण यात गती विकत घ्यावी लागते, आणि तीही प्रत्येक डावात नव्याने. पैसे संपले, की यान उभे. म्हणजे बल आहे तोवर वेग आहे, बल गेले की वेग गेला. हा विचार बैलगाडीच्या बाबतीत रोज खरा ठरताना दिसतो, म्हणून तर तो दोन हजार वर्षे टिकला. खेळाच्या बाजूने कोणी म्हणेल, की ती काल्पनिक इंजिने आहेत, त्यांना न्यूटनचे नियम कशाला लावता? खेळापुरते हे मान्य. पण वर्गात मुलांच्या मनात आधीच जो ॲरिस्टॉटल बसलेला असतो, त्याला अशा खेळाने आयते खतपाणी मिळते. आमच्या शिबिरात मुलांचेच नव्हे, शिक्षकांचेही तेच झाले.

दुसरा खेळ 'फुल थ्रस्ट'. इंग्लंडमधील जॉन टफ्ली यांचा हा खेळ १९९० च्या दशकाच्या आरंभीचा. त्याचे नियम थोडे, सुटसुटीत, आणि प्रकाशकाने पुढे ते सर्वांना मोफत खुले केले. त्यामुळे शिक्षकांच्या हाती पडण्याची शक्यता याचीच अधिक. येथे घरे नाहीत. साध्या टेबलावर इंचपट्टीने अंतरे मोजायची. यात मोठी सुधारणा अशी, की यानाचा वेग एका डावातून पुढच्या डावात कायम राहतो. इंजिनाचा जोर खर्च होतो तो वेग कमीजास्त करण्यासाठी. अवजड यानाचा जोर २, तर चपळ यानाचा ६ किंवा ८. शिवाय प्रत्येकाने आपली चाल आधी गुपचूप कागदावर लिहायची आणि मग सर्वांनी एकदम याने हलवायची. हा नियम फार मोलाचा आहे. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

गडबड होते ती वळताना. घड्याळाच्या तबकडीसारखे बारा भाग धरून यानाची दिशा ठरते. एक भाग, म्हणजे ३० अंश, वळण्यासाठी जोराचा एक अंक खर्च होतो, मग यानाचा वेग काहीही असो. वळताना यानाचा सगळा वेगही त्याच्याबरोबर नव्या दिशेला वळतो. मोटारगाडी वळते, तसे. याचा हिशेब मांडून पाहू. समजा, यान दर डावाला २४ इंच या वेगाने जात आहे. वेग सदिश आहे. तेवढाच वेग राखून दिशा ३० अंशांनी बदलायची, तर जुन्या आणि नव्या वेगांतील फरक कागदावर बाण काढून मोजता येतो. तो भरतो सुमारे १२.४. म्हणजे जोराचे १२ अंक खर्च व्हायला हवेत, तेथे खेळ एकच मागतो. ९० अंशांच्या वळणाला खेळात ३ अंक पुरतात, प्रत्यक्षात सुमारे ३४ लागतील. जोर ८ असलेल्या चपळ यानालाही त्यासाठी चार डावांहून अधिक काळ इंजिन पूर्ण जोराने चालवावे लागेल.

या सवलतीचा सर्वांत मोठा लाभ कोणाला? अर्थातच छोट्या यानांना. २४ च्या वेगाने शत्रूच्या अंगावरून जायचे, गर्रकन वळायचे आणि त्याच्या पिछाडीला चिकटून बसायचे, कारण मूळ नियमांत पिछाडीकडे शस्त्र चालवता येत नाही. आंग्र्यांचे गलबत पुन्हा हजर! या खेळातील अनुभवी खेळाडू छोटी याने नेमकी अशीच वापरतात आणि जिंकतात. पण ती जीत त्यांना चपळाईने मिळत नाही, वळणाच्या नियमातील एका चुकीच्या बेरजेने मिळते. याच खेळाच्या १९९८ मधील पुस्तकात खऱ्या सदिश गतीचे पर्यायी नियम दिले आहेत. त्या नियमांनी खेळून पाहा. २४ च्या वेगाने आलेले यान शत्रूला ओलांडून पुढे निघून जाते. जोर ८ असल्यास पहिल्या डावात वेग १६, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात शून्य. तोवर ते आणखी २४ इंच दूर गेलेले असते. परत यायला आणखी दोन डाव. एका वारासाठी पाच डाव खर्च, आणि परतल्यावरही वेग १६, म्हणजे पुन्हा पुढे निघून जाणे आलेच!

तिसरा खेळ वयाने सर्वांत थोरला. मार्क मिलर आणि जॉन हार्शमन यांचा 'ट्रायप्लॅनेटरी' १९७३ मध्ये आला. पटावर सूर्यमालेचा आतला भाग षट्कोनी घरांत मांडलेला. गुळगुळीत पटावर मेणाच्या पेन्सिलीने प्रत्येक यानाचा बाण काढायचा. मागच्या डावात जेवढे आणि जिकडे गेलो, तेवढेच आणि तिकडेच याही डावात जायचे. इंधनाचा एक अंक खर्च केला, तर बाणाचे टोक एका घराने सरकवता येते. ग्रहाशेजारच्या घरातून गेलात, तर गुरुत्वाकर्षण पुढच्या डावात तुमचे टोक एक घर ओढून घेते. बस्स, एवढेच. गतीचा पहिला आणि दुसरा नियम, सदिशांची बेरीज आणि ग्रहाभोवतीची कक्षा हे सारे यात पाठांतराशिवाय येते. एक विशेष पाहा. या खेळात छोटे कॉर्व्हेट आणि अजस्र ड्रेडनॉट दोघांचेही नेहमीचे त्वरण सारखेच, डावाला एक घर. फरक आहे तो इंधनात, कॉर्व्हेटकडे २० आणि ड्रेडनॉटकडे १५. हे वाचून आमच्या एका तरुण सहकाऱ्याने नाक मुरडले, "लहान असून जलद नाही म्हणजे काय?" पण खेळकर्त्यांचेच बरोबर आहे. त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या अग्निबाणाच्या समीकरणात यानाच्या आकाराला जागाच नाही. यान एकूण किती वेग बदलू शकेल, हे दोनच गोष्टींवर ठरते: बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग, आणि भरलेल्या व रिकाम्या यानाच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. लहान म्हणजे आपोआप जलद, असे अंतराळात नाही. यानावर चिलखत आणि तोफा लादल्या नाहीत, तर इंधनाचा वाटा वाढतो, एवढेच.

मग या खेळात काहीच खोट नाही काय? आहे, एक आहे, आणि मोठी बोधप्रद आहे. दोन यानांच्या वेगांत दोन घरांहून जास्त फरक असेल, तर त्या प्रमाणात नेम लागणे अवघड होते, असा नियम आहे. वाचताना तो पटतो. वेगाने जाणाऱ्यावर नेम धरणे कठीण, हा आपला रोजचा अनुभव. पण तो आपल्या हाताच्या आणि डोळ्याच्या मंदपणाचा अनुभव आहे. इंजिन बंद ठेवून कितीही वेगाने जाणारे यान पुढच्या क्षणी कोठे असेल, हे यंत्राला बिनचूक सांगता येते. ग्रहणाची वेळ शेकडो वर्षे आधी सांगता येते, ती काय चंद्र सावकाश चालतो म्हणून? नेम चुकवतो तो वेग नव्हे. नेम चुकवतो तो वेगातील अनपेक्षित बदल, म्हणजेच त्वरण.

येथे आम्ही आमच्या मूळ मुद्द्याशी आलो. अंतराळात चपळ असणे म्हणजे जलद असणे नव्हे. आपण थोड्या वेळाने कोठे असू, हे दुसऱ्याला सांगता न येणे, ही खरी चपळाई. आणि ती मोजता येते. 'फुल थ्रस्ट'च्या सदिश नियमांनी जोर २ असलेल्या अवजड यानाने तीन डाव पूर्ण जोर लावला, तरी ते इंजिन बंद ठेवून जेथे पोचले असते, त्या ठिकाणापासून २ + ४ + ६ = १२ इंचांपलीकडे जाऊ शकत नाही. जोर ८ असलेले यान ८ + १६ + २४ = ४८ इंच सरकू शकते. म्हणजे तीन डावांनंतर मोठे यान कोठे असेल, हे छोट्या यानाला एका लहान वर्तुळापुरते ठाऊक असते. छोटे कोठे असेल, याचा मोठ्याला मागमूस नसतो. वर्तुळाची त्रिज्या चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. चाली गुपचूप लिहून एकदम उघड करण्याचा नियम मोलाचा म्हटले, ते याचसाठी. आळीपाळीने चाली केल्या, की हे अज्ञान नाहीसे होते आणि त्याबरोबर छोट्या यानाची सारी मातब्बरीही.

आता सेकंद आणि किलोमीटर घेऊन पाहू. समजा, छोट्या यानाची त्रिज्या २० मीटर आणि त्वरण सेकंदाला सेकंदाला १० मीटर आहे. त्याच्या मध्यावर रोखलेला गोळा चुकवायला त्याला २० मीटर बाजूला व्हायचे आहे. त्वरणाला वेळेच्या वर्गाने गुणून निम्मे करावे, या आपल्या नेहमीच्या सूत्राने त्याला २ सेकंद लागतील. मोठ्या यानाची त्रिज्या २०० मीटर आणि त्वरण १ मीटर धरले, तर त्याला २० सेकंद. तोफगोळ्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटर असेल, तर २० किलोमीटरच्या आत दोघेही गोळा चुकवू शकत नाहीत आणि २०० किलोमीटरच्या पुढे दोघेही चुकवू शकतात. पण २० ते २०० किलोमीटरच्या पट्ट्यात छोटे यान गोळा चुकवते आणि मोठे मात्र खाते. छोट्या यानाचा सगळा पराक्रम या पट्ट्यात आहे. चित्रपटांत दाखवतात तसे शत्रूला खेटून जाणे म्हणजे हा पट्टा सोडून देणे होय. शस्त्र प्रकाशाचे असेल, तर हा पट्टा फारच दूर सरकतो: ३ लाख किलोमीटरवरील यान आपल्याला दिसते ते एक सेकंदापूर्वीचे, आणि किरण पोचायला आणखी एक सेकंद. म्हणजे छोट्या यानाला २ सेकंद मिळण्यासाठी चंद्राच्या अंतराशी तुलना होईल इतके दूर राहावे लागेल. दुर्दैवाने 'फुल थ्रस्ट'मध्ये किरणशस्त्राचा नेम ठरतो तो अंतरावरून. समोरचे यान लहान की मोठे, चुकवते की सरळ जाते, याला तेथे हिशेबात जागा नाही.

अशी छोटी याने अनेक असतील, तर? इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१४ मध्ये लढाईचे गणित मांडले, ते येथे कामी येते. आपण ते अंकगणितात करू. मोठ्या यानाचा मारा डावाला ४ आणि सहनशक्ती १६. छोटी याने चार, प्रत्येकाचा मारा १ आणि सहनशक्ती ४. बेरजा अगदी सारख्या. दोन्ही बाजू एकदम मारा करतात आणि मोठे यान एका वेळी एकावरच मारा धरते. पहिल्या डावात मोठ्याला ४ चा मार बसतो आणि एक छोटे नष्ट होते. पुढे ३, मग २, मग १. चार डावांत चारही छोटी याने संपतात आणि मोठे अजून ६ शिल्लक राखून उभे असते. बेरीज सारखी असूनही, शक्ती विभागलेली असेल तर हार ठरलेली. आता छोटी याने त्या पट्ट्यात राहून निम्मे वार चुकवतात असे धरा. मोठ्याचा परिणामकारक मारा २ झाला; एक यान पाडायला त्याला दोन डाव लागतात. छोट्यांचा मारा डावागणिक ४, ४, ३, ३, २. एकूण १६. पाचव्या डावात मोठे यान संपते आणि दोन छोटी उरतात. निकाल पूर्ण फिरला. म्हणजे छोट्या यानांना तारते ती संख्या नव्हे आणि वेगही नव्हे, चुकवण्याची क्षमता. आणि तीही योग्य अंतर राखले तरच. विद्यार्थ्यांना हे दोन्ही तक्ते स्वतः करू द्यावेत. वार निम्म्याऐवजी एक चतुर्थांशच चुकले तर काय, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच. तोही त्यांनाच सोडवू द्यावा.

एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकावा लागतो: शाळेत लढाईचे खेळ हवेतच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. सुदैवाने या भौतिकशास्त्राला लढाईची गरज नाही. 'ट्रायप्लॅनेटरी'मध्येही 'ग्रँड टूर' नावाची नुसती शर्यत आहे. आम्ही आता शिबिरात खेळ खेळतो तो टपालयानाचा. त्याला गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल पुरते. एकाचे अवजड मालयान, दुसऱ्याचे छोटे टपालयान. दर डावात मागच्या डावाचा बाण जसाच्या तसा पुढे काढायचा. मग मालयानाला त्याचे टोक एका चौकटीने, टपालयानाला दोन चौकटींपर्यंत हवे तिकडे सरकवता येते. प्रत्येक चौकटीला इंधनाची एक खूण खोडायची; दोघांनाही वीस खुणा. चाली आधी चिठ्ठीवर लिहायच्या. टपाल पोचले असे केव्हा म्हणायचे? दोन्ही याने एकाच चौकटीत आली आणि त्या डावातील दोघांचे बाणही सारखेच असले, तर. टपाल टाळणे हे मालयानाचे काम. मुले पहिल्या खेळात हटकून भरधाव सुटतात आणि मालयानाला ओलांडून वहीच्या कडेबाहेर जातात. दुसऱ्या खेळात निम्म्या वाटेवरच वेग कमी करायला लागतात. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने आपले दोन लहान उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले, तेव्हा खरी कसरत हीच होती: नुसते जवळ पोचायचे नव्हते, वेगही जुळवायचा होता. ही बातमी वर्गात वाचून दाखवण्याआधी हा खेळ खेळून घ्यावा.

खेळ झाल्यावर तीन प्रश्न न चुकता विचारावेत. इंजिन बंद केल्यावर तुमच्या यानाचे काय झाले? वळायला किती खुणा खर्च झाल्या, आणि वेग दुप्पट असता तर किती झाल्या असत्या? पुढच्या तीन डावांनंतर समोरचे यान कोठकोठे असू शकेल, ते रंगवून दाखवाल का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर रंगवताना मुलांना चपळाई म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसते.

कोणत्याही खेळाचे नियम हे एक छोटे जगच असते. त्यात दोन तास राहिलेला माणूस त्या जगाचे कायदे घेऊन बाहेर पडतो, आणि आपण काही शिकलो हे त्याला कळतही नाही. खेळांची शक्ती यात आहे आणि धोकाही यातच आहे. म्हणून एखादा खेळ 'विज्ञानाचा' म्हणून पुढे आला, की त्यावरील अंतराळाच्या चित्रांना भुलू नये. इंजिन बंद केल्यावर काय होते, ते आधी नियमांत शोधावे. फुकट थांबता येत असेल किंवा फुकट वळता येत असेल, तर तो खेळ मोकळ्या वेळेपुरता ठेवावा.

यंदाच्या शिबिराला त्या बाई पुन्हा आल्या होत्या. टपालयानाच्या खेळात त्यांचे यान मालयानाला ओलांडून तिसऱ्यांदा पुढे गेले, तेव्हा पेन्सिल टाकून त्या वैतागाने म्हणाल्या, "अहो, हे थांबतच नाही! हीच तर सगळी कटकट आहे." आम्ही काहीच बोललो नाही. संध्याकाळचा प्रश्न या वेळी विचारावा लागला नाही.

हा खेळ आपल्या वर्गात खेळून पाहणाऱ्या शिक्षकांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले अनुभव, आम्हाला जरूर कळवावेत.